कारणाचा रकाना

भोर,
शुक्रवार, दुपार

प्रिय आबा,

आठ दिवसांत तुम्ही माझा फोन अकरा वेळा कापलात. पत्र कापता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले. फार तर चुलीत घालाल. घाला, पण आधी शेवटपर्यंत वाचा, आणि आईला वाचून दाखवू नका. ती बिचारी आधीच दोन्हीकडून भरडली जातेय. उद्या सकाळी दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हातात हे पत्र देईन, म्हणजे दुपारच्या आत वाडीत पोचेल आणि रविवारच्या बैठकीआधी तुमच्या हातात अख्खा एक दिवस राहील.

तुमचा निरोप आईने पोचवला. "तिला म्हणावं, बापाचं नाव कागदावर चढवायचं आसंल तर पुन्यांदा ह्या उंबऱ्यात यायचं न्हाई." शब्द न शब्द तिने सांगितला आणि मग रडली. मी रडले नाही. मला राग आला, आणि राग आला की मला भूक लागते हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. डब्यातल्या चारही भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले आणि वणव्याचा अहवाल पुन्हा पुढ्यात घेतला. वर्दी कधी आली, बंब कधी निघाला, कधी पोचला, काय काय जळालं, सगळे रकाने भरून झालेत. एकच कोरा आहे, आगीच्या कारणाचा. आमचे केंद्रप्रमुख आनंदराव सर म्हणाले, घरचा मामला आहे, तुला जड जात असेल तर दुसऱ्याला लिहायला देतो, त्यात काही कमीपणा नाही. मी म्हटलं, नको सर, मीच लिहिणार. सोमवारी सकाळी त्यांना कागद हवाय.

तुमचं म्हणणं, तिथे 'अज्ञात' लिहावं. वाडीचं म्हणणं, तिथे गोरखची बिडी लिहावी. अज्ञात लिहिलं की गोरखच अडकणार हे तुम्हालाही कळतं. रविवारी देवळापुढे बसून त्याच्या शेळ्यांना डोंगर कायमचा बंद करायचा असं सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय, म्हणजे बैठक नावाला. बावीस शेळ्या हेच ज्याचं शेत, त्याने मग काय खायचं? तो म्हणे घाटाखाली मेव्हण्याकडे निघून जायच्या गोष्टी करतोय. आबा, मी 'अज्ञात'ही लिहिणार नाही आणि बिडीही लिहिणार नाही. हे पहिल्याच पानावर सांगून टाकते, म्हणजे पोरगी शेवटी वळेल अशा आशेवर तुम्ही वाचत बसायला नको.

मला ही नोकरी लागून दोन वर्षं झाली. दोन वर्षं तुम्ही वाडीत सांगताय, "पोरगी भोरला नगरपालिकंत हाय, कागदाचं काम करती." माझं कागदाचं काम एकदा ऐकून घ्या तरी. मागच्याच महिन्यात मार्गासनीला पेंढ्याची गंज पेटली, ती विझवायला साडेचार तास लागले, कारण गंज वरून विझते आणि आतून जळत राहते, ती काट्याने उपसून एकेक थर भिजवावा लागतो. कापूरहोळच्या पुढे एक टेम्पो कलंडला, रस्ताभर डिझेल आणि त्यावर कांदे. आम्ही पाणी मारून, माती टाकून रस्ता धुतला आणि लोक आमच्या बुटांखालचे कांदे वेचत होते. एका कुत्र्याचं डोकं प्लास्टिकच्या बरणीत अडकलं. एक मास्तर स्वतःच्याच न्हाणीघरात कोंडले गेले आणि दार तोडू नका, नवीन आहे, म्हणून आतून हुकूम सोडत राहिले. आबा, खरं सांगायचं तर लोक आम्हाला आगीसाठी कमी आणि असल्या भानगडींसाठीच जास्त बोलावतात. मला त्याचा कंटाळा नाही. ज्याच्यावर येते त्याला ती भानगड वाटत नाही.

कोंडिबा नावाच्या एका म्हाताऱ्याची म्हैस विहिरीत पडली होती. विहीर जुनी, कठडा नाही, आत उतरायला वजनाने हलकं माणूस हवं, म्हणून सरांनी मला दोर बांधला. म्हातारा आडवा आला. "बाईमाणूस हिरीत उतरणार व्हय? आमची म्हस लाजंल की!" मी म्हटलं, बाबा, म्हैसही बाईमाणूसच आहे, आमचं आम्ही बघून घेऊ. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून तिच्या पोटाखालून पट्टा घातला, तर तिने माझ्या हेल्मेटवर जे काही केलं ते इथे लिहीत नाही. पण ती वर आली तेव्हा त्याच म्हाताऱ्याने स्वतःच्या धोतराने माझं हेल्मेट पुसलं आणि विचारलं, "कुनाची गं तू?" मी तुमचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. तो म्हणाला, "चिमाजीची व्हय? मग बराबर हाय." काय बरोबर आहे ते त्याला माहीत, पण मी दिवसभर हवेत होते. ही गोष्ट मी तुम्हाला फोनवर सांगायला गेले तेव्हा तुम्ही विषय बदलून भाताच्या बियाण्याचं बोलू लागलात.

प्रशिक्षणाचे सहा महिने तर मी घरी कधी नीट सांगितलेच नाहीत. साठ किलोचा बाहुला खांद्यावर टाकून तीन मजले उतरायचं. पहिले पंधरा दिवस मी त्याला उचलायची आणि दोघं मिळून पडायचो. शिकवणारे साहेब म्हणाले, पोरी, घरी जा, उगाच हाडं मोडून घेशील. मी जागची हलले नाही. मग एका दुपारी मला आईची आठवण झाली, ती एकटीने सरपणाची मोळी कशी उचलते त्याची. आधी मोळी उभी करायची, गुडघा टेकून तिच्याखाली शिरायचं, मग मांडीवर, मग खांद्यावर. दुसऱ्या दिवशी बाहुला तसा उचलला आणि तीन मजले खाली आणला. साहेबांनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी सांगितलं, आमच्या गावाची, हिर्डोशीची. पुढच्या तुकडीला ते तसंच शिकवायला लागले म्हणे. धुराच्या खोलीत डोळे बांधून सोडायचे, उजवा हात भिंतीवरून उचलायचा नाही एवढं एकच सांगायचे. मी एकदा घाबरून हात उचलला आणि दहा मिनिटं आतल्या आत फिरत राहिले, बाहेर आल्यावर उलटी झाली. तेही कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, म्या आदीच सांगितलं व्हतं.

आता त्या गुरुवारचं लिहिते. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी केंद्रावर वर्दी आली. वर्दीच्या वहीत देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, तिथे गोरखचं नाव आणि त्याच्या मोबाईलचा नंबर आहे. त्याचं बोलणं फोन घेणाऱ्याने जसंच्या तसं टिपलंय. "लई मोठी पेटलीया, वारं वर चाललंय, सगुणाबाईच्या गोठ्याकडं निघालीया. म्या गुरं सोडवाया जातू, तुमी या." बस्स. आग लावून पळणारा माणूस असं बोलत नाही. आणि गोरख पळाला नाही, उलट आगीत शिरला. दोन वासरं आणि गाय त्याने सोडली. म्हशीचं दावं साखळीचं, खुंट्याला अडकलेलं. ती गाभण होती आणि उठत नव्हती. तापलेली साखळी तो उघड्या हातांनी सोडवत राहिला, छप्पर खाली आलं तेव्हाच बाहेर पडला. त्याचे तळहात मी पाहिलेत. मीच त्यांवर पाणी ओतलं, मीच ओलं फडकं गुंडाळलं.

आमच्या ड्रायव्हर पप्पूने बंब किती जोरात हाणला तरी भोरहून धरणाच्या काठाकाठाने वाडीखाली पोचायला तासभर लागलाच. पुढे गाडी चढत नाही. दहा पाइप जोडले तरी पाणी अर्ध्या वाटेवर संपलं. मग पाण्याचा नाद सोडला आणि ऐनाच्या ओल्या फांद्या तोडून झोडपायला लागलो, आमचे सहा जण आणि वाडीतल्या सगळ्या बाया. वर डोंगराच्या धारेपाशी गवत खरवडून पट्टा काढला, तिथे आग अडली. काळोख पडायच्या आत सगळं शांत झालं होतं, पण गोठा नव्हता, म्हैस नव्हती आणि डोंगर काळा होता. सगुणाबाई राखेपाशी बसून होती. तिने मला ओळखलं तेव्हा ती म्हणाली, "पोरी, म्हस गेली ती गेली. पन गोरख्या कशाला जाळंल माजा गोठा? त्याच्या शेळ्या माज्याच दारात पानी पित्यात." तोवर लोक गोरखचं नाव घ्यायलाही लागले होते. तिचं कुणी ऐकलं नाही. तुम्ही तेवढ्यात एसटीने येऊन पोचलात आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिलात. कुणीतरी विचारलं, चिमाजीआबा, तुमी खाचरात राब भाजत व्हता नव्हं? तुम्ही म्हणालात, "म्या सकाळीच इझवून माती टाकली. म्या तर कापूरहोळला व्हतो, पान्याची मोटार दुरुस्त कराया." एवढं बोलून तुम्ही जमिनीकडे पाहत राहिलात. गोरख तिथेच बसला होता, हाताला फडकं बांधून. त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं, आबा. तुम्ही पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी पुन्हा वाडीत आले, घरी न येता सरळ डोंगरावर गेले. आग कुठून आली ते विचारायला माणसांची गरज नसते. ज्या अंगाने आग येते त्या अंगाला दगड करपतात, पाठीमागून स्वच्छ राहतात. गोठ्यापासून मी उलटी चालत निघाले. एकेक दगड पाहत, गवताची जळकी खुंटं पाहत, उतारावरून खाली खाली. वाटेत मनात देवाला म्हणत होते, आगीची खूण डावीकडे वळू दे, पायवाटेकडे वळू दे, जिथे येणारा-जाणारा बिडी टाकू शकतो. नाही वळली. सरळ आपल्या तरव्याच्या खाचरात आले, जिथे भाताच्या रोपांसाठी शेणी आणि पाला जाळून तुम्ही राब भाजता. तुम्ही टाकलेल्या मातीवर हात ठेवला तर ती कोमट. उकरलं, तर खालच्या शेणी अजून लाल होत्या. तुमच्याच बांधावर बसले आणि किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. फोटो काढले, माप घेतलं, कामाला आले होते, काम केलं.

ज्याला वाटेल त्याला वाटो, की चिमाजीला राब भाजता येत नाही. मला तसं वाटत नाही. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला त्याच खाचरात उभं करून सांगितलं होतं, राब पहाटेच्या दवात पेटवायचा, वारा जिकडे चाललाय त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सावकाश सरकते, माती नीट भाजते आणि उडत नाही. आणि सांगितलं होतं की शेणी मातीखाली गुपचूप धगत राहतात, राख गार झाल्याशिवाय खाचर सोडायचं नाही. आमच्या वर्गात वाऱ्याचा धडा आला तेव्हा मी हात वर करून हेच सांगितलं, आणि हे कुणी शिकवलं असं विचारल्यावर म्हटलं, वडिलांनी. चाळीस वर्षं तुम्ही राब भाजताय. पाऊस आडवा आला, ताप अंगात होता, मावशीचं लग्न होतं, तरी तुम्ही कधी राब सोडून गेला नव्हता. त्या गुरुवारी मात्र साडेआठला तो धगधगत असताना तुम्ही वर माती लोटली आणि एसटी गाठली. दुपारी वारं फिरलं, खालून वर चढलं आणि माती उडाली. एवढंच झालंय. यात पाप नाही, चूक आहे. पाप नंतर सुरू झालं, गोरखकडे न पाहता तुम्ही उभे राहिलात तेव्हा.

तुम्ही का गेलात, हे वाडीत कुणाला माहीत नाही. मोटारीची थाप सगळ्यांना पटली. आईलाही पटली होती, पण परवा फोनवर तिच्या तोंडून निसटलं, "ते म्हनत्यात, काय बी झालं तरी पोरीचं नाव यायला नगं." त्या क्षणापर्यंत मी तुमच्यावर नुसती चिडले होते, म्हातारा स्वतःची अब्रू झाकतोय म्हणून. फोन ठेवला आणि मला समजलं की तुम्ही स्वतःची नाही, माझी झाकताय. तेव्हापासून मी तुमच्यावर जास्तच चिडलेय. मला नकोय असलं झाकण. वाडी मला काय म्हणेल ते मला पाठ आहे. नाव सुलक्षणा आणि लक्षणं ही असली, हे मी पॅन्ट घातली त्या दिवसापासून ऐकतेय. अजून एक वाक्य वाढेल. माझ्या अंगाला भोकं पडणार नाहीत. पण माझं नाव वाचवायला दुसऱ्याच्या पोटावर पाय देणार असाल, तर ते नाव ठेवून मी करू काय?

म्हणून आता ते लिहिते, जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय आणि ज्यासाठी हे सगळं पत्र. त्या गुरुवारी सकाळी आठला तुम्हाला फोन मी केला होता. अग्निशमन सप्ताह होता, भोरच्या मैदानावर आमची प्रात्यक्षिकं होती, आणि मी शिडीवर चढणार होते. तुम्ही म्हणालात, राब पेटवलाय, सोडून कसा येऊ. मी म्हटलं, दोन वर्षांत एकदा तरी या, आज नाही आलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. पोराटकीपणा केला. राब पेटलाय हे ऐकूनही केला, आगीची नोकरी करणाऱ्या बाईने, जिला शेणीची धग माहीत आहे तिने. तुम्ही आलात. तिसऱ्या रांगेत, धुतलेली टोपी घालून, इकडे-तिकडे कुणी ओळखीचं नाही ना ते बघत. मी शिडीच्या टोकावरून तुम्हाला पाहिलं आणि तुम्ही टाळी वाजवलीत, सगळ्यांची थांबल्यावरही दोन वाजवल्यात. अर्ध्या तासाने वर्दी आली आणि मी तुम्हाला न भेटता बंबावर चढले. तेव्हा रकान्यात मी लिहितेय ते असं: राब पूर्ण न विझता तो राखणारी व्यक्ती निघून गेली, व्यक्तीचे नाव चिमाजी, अहवाल लिहिणारीचे वडील, त्यांना फोन करून बोलावणारी, अहवाल लिहिणारी स्वतः. सरांना सांगितलंय. माझ्यावर जे व्हायचं ते होवो. रविवारी मी पहिल्या गाडीने येतेय, गणवेशात. उंबऱ्यात घेऊ नका, मी देवळापुढेच बसेन, सगुणाबाईच्या शेजारी. तुम्ही उठून स्वतः बोललात, तर मी तोंडातून एक अक्षर काढणार नाही. नाही उठलात, तर मी उठेन, आणि आधी माझं नाव घेईन, मग तुमचं. गोरखच्या शेळ्या सोमवारी डोंगरावर जातीलच. आणि तुम्ही कापूरहोळला होता असं वाडीत पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याच्याशी मी भांडेन, मग ते तुम्ही का असेना. माझा बाप त्या दिवशी मला बघायला आला होता.

तुमचं ऐकत नाही, तरी तुमचीच,
सुलक्षणा